विंगेतून दिलेली ओळ

इथे आखातात, अल मजाजमध्ये, शेजारच्या चिमुरडीला शाळेच्या नाटकासाठी दाढी चिकटवत होतो. स्पिरिट गमच्या वासाने मला आमच्या मंडळाच्या जुन्या प्रयोगात नेलं. मनाचे कोपरे उकरणाऱ्या एका ऑस्ट्रियन नाटककाराच्या नाटकाचं रूपांतर. नायिका माझी बायको नीता, विंगेत प्रॉम्प्टर मी.

नाटकातल्या नवऱ्याने विचारलं, "सुखी आहेस ना?"

नीता वाक्य विसरली असं वाटून मी कुजबुजलो, "हो, खूप."

ती नायकाऐवजी माझ्याकडे वळली. "नाही. कधीच नव्हते."

टाळ्यांचा कडकडाट झाला, त्यात माझ्याही.

गाडीत म्हणालो, "काय पदरचं वाक्य घेतलंस गं!"

"आवडलं ना? मग झालं."

महिन्याभरात ती पुण्याला गेली, ती कायमचीच. लोक अजून त्या वाक्याची तारीफ करतात. मी झुकून ती स्वीकारतो.