सॉफ्टवेअरवाल्या ताई

गांधीबागेतल्या आमच्या कापडाच्या दुकानात बिलांचं जुनं सॉफ्टवेअर अडलं, की ते लिहिणाऱ्या ताई यायच्या. खुर्ची दिली तरी उभ्यानेच टाइप करायच्या, ओठांतल्या ओठांत पुटपुटत.

परवा मालकांनी त्यांना बोलावलं. नव्या एआयने त्या सॉफ्टवेअरमधला सगळा कोड बाहेर काढून कोणती ओळ कशासाठी आहे, ते लिहून दिलं होतं. ताईंनी पहिल्यांदाच बसून सगळं वाचलं.

"बरोबर आहे ना?" मालकांनी विचारलं.

"बरोबर आहे, भाऊ. असं काहून लिहिलं, हे मले इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही. यानंच पहिल्यांदा वाचलं."

मालक खूश झाले. "मंग आता तुम्हाले इथं यायचा त्रास नाही, ताई."

ताई उठल्या. एरवी गाडीजवळ गेल्यावर बांधायचा तो स्कार्फ त्यांनी तिथेच, आमच्यासमोर, डोळ्यांपर्यंत ओढून बांधला.