शत्रूनं सांगितलेला झरा

मी ताम्हिणीचा. घाटात माझा ढाबा आहे आणि खालच्या रानातल्या वाटा मला डोळे मिटून ठाऊक आहेत. माझी पोरगी लवळ्याच्या एका कॉलेजात शिकते. तिनंच तिच्या प्राध्यापकांना माझ्याकडं आणलं.

गृहस्थ गणिताचे. लढाया शिकवतात, पण सगळ्या कोष्टकात. उंबरखिंडीत मोगलांची फौज चिंचोळ्या वाटेत कोंडली, तहानेनं आणि माऱ्यानं रडकुंडीला आली आणि सामानसुमान टाकून शरण गेली, हे आमच्याकडं शाळेतलं पोरही सांगतं. यांनी त्याचे चार चौकोन केले. मोगल कुठल्या वाटेनं जातील, मावळे कुठं दबा धरतील, आणि प्रत्येक चौकोनात फायद्यातोट्याचा आकडा. माणूस मेला की उणे एक. मी विचारलं, "आन तहानलेला?" तर म्हणाले, "तो मेल्यावर मोजू," आणि स्वतःच हसले. असले यांचे विनोद.

मग हा खेळ रानात खेळून पाहायची हुक्की आली. तीही एप्रिलात. आमच्या घाटाखाली तशीच एक अडचणीची खिंड आहे. बारा पोरंपोरी, सहा मोगल, सहा मावळे. दोघांनी आपापला फायदा बघायचा. वाटाड्यालाही बाजू असते म्हणे, म्हणून मला मावळ्यांत घालून दंडाला पिवळी फीत बांधली. पोरगी मोगलांत. तिच्या देखत तिच्या सरांना काय बोलायचं, म्हणून मी मुकाट बांधून घेतली.

मोगल वरच्या फाट्यावर थांबले. डावी वाट जवळची, ओढ्याच्या घळीतून जाणारी. नकाशात तिच्यावर झरा दाखवलेला. उजवी लांबची, धनगरवाड्याच्या विहिरीवरून येणारी. मी खालच्या टेपाडावरून ओरडलो, "डावीकडं पाणी न्हाई. झरा आटलाय. उजवीकडनं या."

त्यांना नीट ऐकू गेलं. शहाण्यांनी डोकी जवळ आणली, वहीत चौकोन आखले, हात वर करून मतं घेतली. ज्या अर्थी शत्रू उजवीकडं बोलावतोय, त्या अर्थी उजवीकडंच दबा धरून बसलाय. सहाही जणं डावीकडं उतरली.

"सर, त्यांना माघारी बोलवा," मी शेजारी उभ्या प्राध्यापकांना म्हणालो.

"याला आमच्या शास्त्रात फुकटचं बोलणं म्हणतात," ते लिहिता लिहिता म्हणाले. "खोटं बोलून तुमचं काहीच जात नाही. मग त्यांनी का मानावं? बरोबर खेळतायत."

म्हणे बरोबर खेळतायत. त्यांची वही ओढ्यात बुडवावी असं वाटलं, पण ओढ्यात पाणी कुठं होतं?

तासभर वाट पाहिली. घळीतून कुणी बाहेर येईना, तेव्हा फीत तोडून फेकली, पाण्याचा कॅन खांद्यावर घेतला आणि आडवाटेनं आत शिरलो. तापल्या कातळाशी पोरं बसलेली, बाटल्या रिकाम्या, आणि माझी पोरगी आडवी. ओकून ओकून गळून गेलेली, अंग चटका बसेल इतकं तापलेलं. खरं सांगतो, इतका मी जन्मात कधी भ्यालो नव्हतो. तिची ओढणी भिजवून डोक्यावर ठेवली, घोट घोट पाणी पाजलं आणि पोरांच्या मदतीनं तिला उचलून रस्त्याला आणली.

तिथं प्राध्यापक उभे. पोरगी जिवंत आहे एवढं बघितलं आणि म्हणाले, "अगदी इतिहासासारखं घडलं हो." या माणसाला लोक सर म्हणतात.

संध्याकाळी पौडच्या दवाखान्यात तिला सलाईन लावलेली. मी कॉटशेजारी बसून सरांचा मनसोक्त उद्धार केला. तो संपल्यावर मनात सलत होतं ते बाहेर आलं.

"त्या शहरातल्या पोरांचं सोड. एप्रिलात तो झरा आटतो, हे तुला ठावं न्हवतं? लहानपणी माझ्यासंगं रिकामा हंडा घिऊन तितनं माघारी आलीयस तू."

"ठावं होतं, आप्पा."

"मग?"



"तुमी काय बोलला नसता, तर मी सगळ्यांना उजवीकडंच नेलं असतं," ती म्हणाली. "तुमी सांगितलंत, म्हणून शंका आली."