पाठमोरे

अमेरिकेत श्रूजबरीतले आमचे शेजारी क्रिकेटवेडे, पण इंडियाची मॅच कधी बघायचे नाहीत. आपण बघितलं की इंडिया हरते, ही त्यांची ठाम समजूत. आमच्याकडे टीव्हीपुढे सगळे ओरडत असायचे आणि ते बाहेर, घराकडे पाठ करून गाडीत बसलेले. त्यांची मुलगी तेव्हा घरी झोपलेली; तिला वाटायचं, बाबा आमच्याकडे मॅच बघतोय.

मुलगी सॉफ्टबॉल खेळायला लागली, तेव्हाही ते तिला ग्राउंडवर सोडायचे आणि तसेच पाठमोरे गाडीत बसायचे.

फायनल जिंकून ती माझ्याजवळ आली. म्हणाली, "काकू, इंडिया खेळत असती ना, तर बाबा नक्की उतरला असता."

मी तडक गाडीपाशी गेले. "अहो, सांगून टाका तिला खरं काय ते!"

समोरच बघत ते म्हणाले, "सांगितलं की हरेल हो ती, वहिनी."

पुढच्या सीझनला तिनं खेळणंच सोडलं.