गव्हर्नरांची वाकडी करंगळी

हालवार गव्हर्नरांच्या निवासात शिपाई म्हणून लागला तेव्हा जेमतेम पंचविशीचा होता. गव्हर्नर राजधानीतून यायचे, सहा-सात वर्षं जिल्हा सांभाळायचे आणि जायचे. हालवार मात्र तिथंच. झेंडा चढवायचा, भट्टी पेटवायची, पायऱ्यांवरचं बर्फ उपसायचं.

जाणाऱ्या प्रत्येकाचं तैलचित्र दिवाणखान्यात लागायचं. तीनशे वर्षांची रीत ती. शाळेतली पोरं बघायला आली की हालवारची गाडी सुटायची. "हे मिशीवाले, यांनी गावात डुकरं मोकळी सोडायला बंदी केली. हे जाडे, यांनी पूल बांधला आणि उद्घाटनाच्या दिवशी स्वतःच नदीत पडले!" खरं किती, खोटं किती, देव जाणे. पण शेवटच्या पाच चित्रांपाशी आला की गडी एकदम गप्प.

कारण होतंच तसं. त्याच्या पहिल्या साहेबांच्या बुडाला जरा म्हणून दम नव्हता. चित्रकाराने चेहरा रंगवेपर्यंत कसेबसे बसले, मग अंगातला कोट काढून त्यांनी हालवारला चढवला. "हात काय, कुणाचेही चालतात. याला बसवा!" बसला बिचारा. तरुणपणी नदीतून लाकडाचे ओंडके सोडताना त्याची डावी करंगळी चेंगरली होती, ती कायमची वाकडी. चित्रकाराने दिसलं तसं रंगवलं. पुढच्या चौघा साहेबांनाही ही सोय भलतीच आवडली. आपल्या चित्रात माणूस तोंड बघतो हो, करंगळी कोण बघतो!

हे गुपित फक्त त्याच्या बायकोला ठाऊक. टीरा त्याला सोडते होय! "तुझे हात तिकडे भिंतीवर ऐटीत बसलेत, आणि इथं बटाटे सोलायला कुणी नाही!"

सहाव्या आल्या इंगेगेर्डबाई, जिल्ह्याच्या पहिल्या बाई गव्हर्नर. त्यांची मुदत संपली त्याच वसंतात हालवारही निवृत्त होणार होता. चित्रकार आला तशी हालवारने नखं घासून घासून स्वच्छ केली.

"बोलावतील ना गं मला?"

"बाईमाणसाला तुझे हे फावड्यासारखे हात? डोकं फिरलंय का तुझं?" टीरा हसली, पण त्याचा उतरलेला चेहरा बघून तिने पुढचं बोलणं गिळलं. एवढी वर्षं या घरात काढली, आणि शेवटच्या चित्रात आपण नाही. त्याला फार लागलं होतं ते.

झालंही तसंच. बाई स्वतः बसल्या, हूं की चूं न करता. तिसऱ्या दिवशी हालवार कॉफी घेऊन गेला. बाई समोरच्या भिंतीकडे टक लावून बघत होत्या.

"हालवार, हे पाचही जण एकमेकांचे भाऊ होते का हो? सगळ्यांची करंगळी एकाच ठिकाणी वाकडी!"

हालवारने घाईघाईने कप ठेवला, आणि नेमका डाव्या हाताने. बाईंनी कप बघितला, बोट बघितलं, पुन्हा भिंत बघितली.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "बाई, पाया पडतो, पेपरात जाऊ देऊ नका. साहेबांचं हसं होईल. चांगली माणसं होती ती, फक्त बूड टिकत नव्हतं."

बाई पोट धरून हसल्या. "ओता ती कॉफी," एवढंच म्हणाल्या.

चित्रावरचा पडदा उघडला त्या दिवशी अख्खं गाव लोटलं होतं. हालवार टीराला घेऊन मागे दाराशी उभा. पडदा सरकला. निळा पोशाख, मांडीवर बाईंचे स्वतःचे गोरे, नाजूक हात. आणि डावी करंगळी? वाकडी!

"अगंबाई, बोटाला काय झालं तुमच्या?" महापौरांनी विचारलं.

"जुनी दुखापत आहे," बाई दाराकडे बघत मोठ्याने म्हणाल्या. "या जिल्ह्याचा कारभार ज्या हातांनी चालतो ना, त्या हातांना असतेच ती."

हालवारने हात पाठीमागे लपवला, तर टीराने तो ओढून पुढे घेतला आणि सगळ्यांदेखत घट्ट धरून ठेवला.