परमेश्वर आचाऱ्याचा जामीन

पालमचा परमेश्वर बावीस वर्षं लग्नांचा स्वयंपाक करत होता. लग्नसराईत तो घरी नसेच. घेतलेली तारीख त्यानं कधी चुकवली नाही. वडील वारले त्या दिवशीही अंत्यविधी उरकून तो संध्याकाळी भट्टीसमोर उभा राहिला.

दोन वर्षांपूर्वी चुडाव्याजवळच्या एका लग्नात पंगतीत बसण्यावरून भांडण पेटलं. नवरदेवाचा चुलता व्यंकटराव भट्टीकडं धावला, परमेश्वरच्या हातातला झारा हिसकावला आणि सिताराम नावाच्या पाहुण्याच्या डोक्यात घातला. सिताराम कोसळला. परमेश्वरनं आपला रुमाल त्याच्या जखमेवर बांधला, त्याला जीपमध्ये निजवलं आणि दुसऱ्या दिवशीच्या लग्नासाठी पिंगळी गाठली.

तिथं बुंदी पाडताना पोलिसांनी त्याला उचललं. झारा त्याचा, म्हणून फिर्यादीत त्याचंही नाव आलं होतं. कागदावर लिहिलं गेलं, ‘घटनेनंतर पसार’.

दोघांचे जामीनअर्ज एकाच दिवशी चालले. व्यंकटराव गावातला कायमचा रहिवासी, शेतीवाडीवाला. त्याला जामीन झाला. परमेश्वरच्या वेळी न्यायाधीशांनी विचारलं, “हा त्या दिवशी घरी का गेला नाही?”

“साहेब, त्याचं कामच फिरतीचं आहे,” वकील म्हणाले.

तेच अंगाशी आलं. फिरता माणूस, पळून जाण्याची शक्यता, अर्ज फेटाळला. सिताराम तोवर शुद्धीवर आला होता, पण त्याचा जबाब घ्यायला कुणी गेलंच नव्हतं.

कोर्टाबाहेर परमेश्वरची बायको शिवकन्या वकिलांना म्हणाली, “मारणारा घरी चाललाय, आन् जखम बांधणारा आत?”

“बाई, जामिनाला खरंखोटं ठरत नसतं. माणूस तारखेला हजर राहील का, ते आधी बघतात.”

“तारखेला? बावीस सालात एक तारीख चुकवली न्हाई त्यांनी!”

वकिलांनी फाईल बांधली.

साडेचार महिन्यांनी दोषारोपपत्र दाखल झालं. ‘आचाऱ्यानंच मला उचलून जीपमध्ये निजवलं,’ असा सितारामचा जबाब त्यात होता. मग दुसऱ्या अर्जावर जामीन मिळाला. अटी दोन: दर रविवारी पालमच्या ठाण्यात हजेरी, आणि तालुक्याबाहेर जायचं नाही. अटी शिथिल करायचा अर्ज अजून पडून आहे. परमेश्वर आता बसस्टँडवर दुसऱ्याच्या गाड्यावर भजी तळतो.

गेल्या महिन्यात सिताराम त्याला शोधत आला. डोक्यावरचा व्रण टोपीखाली झाकलेला.

“लेकीचं लग्न हाय. सैपाक तुमीच करायचा.”

“कधी?”

“रविवारी. आमच्याकडंच, पूर्णा तालुक्यात.”

परमेश्वरनं कढईतली भजी काढली. “न्हाई जमत,” म्हणाला.

सितारामनं पुन्हा विचारलं नाही. चहा घेऊन तो परतीच्या एसटीत बसला. लग्नाला नांदेडचा आचारी आला.