नातीचा सत्कार

नात हवाई दलाच्या प्रशिक्षण कॉलेजातून पहिल्या सुट्टीवर मुकुंदवाडीला आली, तोवर चौकातला तिचा फ्लेक्स उन्हानं पांढरा पडला होता. फ्लेक्सवर तिच्या मागं लढाऊ विमान काढलेलं. ती विमानाची यंत्रं शिकते, विमान उडवत नाही, हे लोकांना सांगून मी दमले.

सुट्टीतही तिला पाठांतर होतं. तिथं नव्या मुलांना कॉलेजचा इतिहास तोंडपाठ लागतो. वरच्या वर्गातले कुठंही थांबवून विचारतात. पुस्तक इंग्रजी. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, म्हणून ती मला मराठीत सांगायची. कॉलेज पत्र्याच्या शेडमध्ये सुरू झालं. पहिल्या तुकडीला बसायला खुर्च्या नव्हत्या, पोरं पेट्यांवर बसून शिकली. फाटकाजवळ चौथऱ्यावर एक जुनं विमान आहे. आता ते उडत नाही, पण समोरून जाताना सलाम करायचा. मोठ्या दालनात प्रत्येक तुकडीचा फोटो लावलाय.

"अन् मधीच सोडून गेलेल्यांचा?" मी विचारलं.

"त्यांचा नाय लावत." पुस्तक मिटून ती म्हणाली, "आज्जे, मला माघारी जायचं नाय."

"कुणी छळतंय का?"

"नाय गं, समदे चांगले हायेत. पण सकाळी उठलं की गळ्याला दोरी बांधल्यावाणी वाटतं."

"बापाला सांगितलं?"

"कसं सांगू? पप्पांनी रिक्षाच्या काचेवर विमान चिकटवलंय."

मग मीच लेकाला सांगितलं. तो जेवत होता. "सुट्टीत समद्यांनाच तसं वाटतं," म्हणाला. "अन् आता सत्कार ठरलाय, आई. बिडकीनचे पाव्हणे येणार हायेत."

आम्हा धनगरांत सत्कार म्हणजे खांद्यावर घोंगडी, हातात काठी, कपाळाला भंडारा आणि ढोल. तो नोकरी लागल्यावर करायचा असतो. आमच्या लोकांना दम नव्हता. त्यांनी ती शिकत असतानाच उरकून घेतला, तोही तिच्या जायच्या दिवशी. म्हणजे सत्कार करून तसंच ढोल वाजवत स्टेशनवर न्यायचं.

पत्र्याचा हॉल होता, वर ऊन तापलेलं. पोरीला घोंगडीत गुंडाळून खुर्चीवर बसवलं. एक पुढारी म्हणाला, "पोरी, तुझ्या कॉलेजचा इतिहास सांग आपल्या लोकांना."

तिनं सांगितला. शेड, पेट्या, विमान, फोटो, सगळं त्याच क्रमानं, कुठंही न अडखळता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यापुढं म्हणताना ती मधे हसायची, चुकायची. इथं एकदाही हसली नाही.

मी उठले आणि माईक घेतला. "हिला तिकडं जायचं नाय. मला सोताच्या तोंडानं म्हणलीया. हिला घरी ऱ्हाऊ द्या."

सगळे हसले. मागून कुणीतरी ओरडलं, "आज्जीला करमत नाय वो नातीबिगर!"

शेजारची बाई पदरानं माझे डोळे पुसायला लागली. डोळे कोरडे होते.

"रडू नका, मावशी."

"रडत नाय मी. खरं सांगतेय."

त्यावर लोक आणखी हसले. लेकानं माझ्या हातातून माईक हळूच काढून घेतला.

मी पोरीकडं बघितलं. तिनं एक शब्द बोलायची गरज होती. ती बापाकडं बघत होती. तो कपाळभर भंडारा लावून उभा होता आणि खरंच रडत होता.

"आज्जीचा लई जीव हाय माझ्यावर," ती म्हणाली.

इतिहासाला पडल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या तिच्या या वाक्याला पडल्या.

स्टेशनात ढोल गाडीपेक्षा मोठ्यानं वाजत होते. डब्याच्या दारात तिनं घोंगडी काढून माझ्या हातात दिली. "तिथं ठेवायला जागा नाय," एवढंच म्हणाली. गाडी हलली, तसा लेकानं फोटो काढला.

घरी आल्यावर बघितलं तर घोंगडी मानेकडं घामानं भिजलेली होती. मी ती दोरीवर वाळत घातली.