आई माझ्याबरोबर उठते

माझं जेवण पाच मिनिटांत होतं. आमच्या गडब गावाहून पेणच्या कॉलेजला जाताना एसटी चुकू नये म्हणून आई भात ताटात पसरून आधीच निववून ठेवायची. लावणीवरून धावत आलेली असायची, पायांवर चिखल तसाच. दारातून रस्त्याकडे बघत म्हणायची, "गिळ रे लवकर, गाडी दिसतेय." आमच्या घरातला पहिला पदवीधर मी झालो, तो त्या निवलेल्या भातावर. पुढे रोह्याला कंपनीच्या प्रयोगशाळेत लागलो. तिथे जेवायला वीस मिनिटं, त्यातली निम्मी रांगेत.

वडील गेल्यावर आईला रोह्याजवळ वरसे इथल्या आमच्या घरी आणलं. चार-पाच महिन्यांत तिचं पोलकं खांद्यावरून घसरू लागलं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. काहीच सापडलं नाही.

"आजी, जेवता किती?"

"पोटभर," आई म्हणाली.

परत येताना रस्ता ओलांडायला तिचं मनगट धरलं, तर माझी बोटं एकमेकांवर चढली.

कारण सापडलं बायकोला. ती शिक्षिका आहे. एरवी दुपारी, माझ्या दुसऱ्या शिफ्टच्या आधी, आई आणि मी दोघंच जेवतो. रात्री आई कपभर दुधावरच भागवते. एका रविवारी मी बाहेर होतो. संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, तुम्ही ताटावरून उठता म्हणून त्या उठतात. आज माझ्याबरोबर दोनदा भात घेतला त्यांनी."

मी आईला विचारलं.

"मग? बरोबरचा माणूस उठल्यावर मी एकटी ताटावर काय बसू? आपल्यात बसतात काय?"

"तू बस गो. सावकाश जेव."

"व्हय, बसते."

दुसऱ्या दिवशी मी उठलो आणि मागोमाग नळाचा आवाज आला. मग लक्षात आलं की ती भातच जेमतेम घेते. माझ्या पाच मिनिटांत संपेल एवढा, टाकावा लागू नये असा.

मी सावकाश जेवायचं ठरवलं. बिरड्यातला एकेक वाल चावू लागलो. हे वाल तिने भिजवून, मोड आणून, सकाळभर बसून सोललेले. पण माझा पाय आपोआप हलतो, डोळे घड्याळाकडे जातात, दहाव्यांदा चावायला तोंडात काही उरलेलंच नसतं.

"दाढ दुखते काय रे?"

"नाय."

"मग म्हशीसारखा रवंथ कसला करतोस?"

दोन दिवसांत मी पुन्हा माझ्या वेगावर आलो. तिसऱ्या दिवशी मात्र शेवटचा घास ताटाच्या कडेला ठेवला आणि त्यावर बोटं टेकवून बसून राहिलो. आईच्या ताटातला भात संपत आला होता. नाक्यावर कंपनीच्या बसने हॉर्न दिला.

"गाडी आली तुझी. उठ."

"अजून एक घास आहे माझा."

"कवाचा तसाच हाय तो! गिळ आणि पळ."

"नाय."

तिने घासाकडे बघितलं, मग माझ्या हलणाऱ्या पायाकडे. खिशात फोन थरथरत होता. तो मी काढला नाही. हॉर्न पुन्हा वाजला, आणि बस निघून गेल्याचं दोघांनाही ऐकू आलं.

"येडाच हायस," आई म्हणाली, आणि भाताचं पातेलं स्वतःकडे ओढलं.